साडेचार बोटं

आम्ही आलो होतो पत्र्यांसाठी.
तिएरा देल फ्वेगोच्या उत्तर किनाऱ्यावरची
मेंढ्या कातरायची ही शेड चाळीस वर्षं बंद,
आणि एदेलमिराच्या कोंबड्यांना छप्पर हवं होतं.
नवा मालक फोनवर म्हणाला,
न्या हवं ते, वाऱ्याने न्यायच्या आत.

इथला वारा माणसाला वाकूनच चालायला शिकवतो.
एदेलमिरा सत्तरीची. वारा पडला
तरी तिला आता सरळ होता येत नाही.

आत कातरणाऱ्यांच्या तीस जागा,
फळ्या मेंढ्यांच्या अंगच्या चरबीने काळ्या,
अजून पाय घसरेल अशा.
खांबावर खडूच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या.
वास तर असा, की शेवटची मेंढी
आत्ताच या दारातून नागडी पळाली असावी.

मागच्या खोलीत कातड्यांचा ढीग.
मी पायाने ढकलला. हलला नाही.
पुन्हा ढकलला, तर अंगठा ठणकला.
मग एकेक कातडं उचलत गेलो:
वरची कसरीने खाल्लेली, खालची शाबूत,
त्याखाली गोणपाट, काथ्याने शिवलेलं.
बाळंतिणीला गुंडाळावं तसं
कुणीतरी काहीतरी डोक्यापासून पायापर्यंत
वारा लागू नये म्हणून बांधलेलं.
एदेलमिराने चाकू लावला.

आधी पितळ दिसलं.
मग चार लोखंडी चाकं, आडवा बॉयलर,
त्याच्या पाठीवर सिलिंडर,
जडचक्र माझ्या छातीइतकं उंच,
आणि इंग्लंडातल्या कुठल्याशा कारखान्याची पाटी,
आकडा न् आकडा वाचता येणारा.
जिथे नवी बादली तीन हिवाळ्यांत चाळण होते
तिथे गंज नखभरही नाही.

सगळ्या अंगावर पिवळट थर होता.
लोकर धुताना वर तरंगते ती चरबी,
थिजलेली, हाताने थापलेली.
ब्रश नव्हे, हातानेच:
फराटे स्पष्ट होते,
तीन लांब,
आणि चौथा जरा उशिरा सुरू झालेला.
पुन्हा तीन. पुन्हा एक उशिरा.
बॉयलरच्या पोटाखाली, जिथे कुणी पाहणार नाही,
तिथेसुद्धा.

"नसारिओ," एदेलमिरा म्हणाली.

तिचा मामा. चिलोए बेटावरून हंगामाला यायचा.
ती दहा वर्षांची होती तेव्हा
याच इंजिनाच्या पट्ट्याने त्याचं अर्धं बोट नेलं.
कात्री धरता येईना, म्हणून भट्टीवर ठेवला.
पुढची वीस वर्षं ज्याने बोट खाल्लं
त्यालाच तो कोळसा भरवत राहिला.
घरी नाव काढायचा ते शिवी देऊनच. चेटकीण म्हणायचा.
शेड बंद झाली तेव्हा ग्लास आपटून म्हणाला,
गेली भंगारात एकदाची.

"त्या वर्षी तो आठवडाभर उशिरा आला," ती म्हणाली.
"आई म्हणाली, पीत बसला असेल.
पण त्याच्या हातांना मेंढीचा वास होता,
जेवताना भाकरीलासुद्धा."

मी जडचक्राला हात घातला,
उगाच, जाम झालंय का बघायला.
ते फिरलं.
आवाज नाही, कुरकुर नाही.
आत कुठेतरी पिस्टन सरकला
आणि झडपेतून एक जुना श्वास बाहेर आला,
थंड, कोळशाचा.
एदेलमिरा मागे सरली, मग पुढे आली,
त्या उशिराच्या फराट्यापाशी बोट नेलं
आणि न लावताच परत घेतलं.

"पत्रे राहू देत," ती म्हणाली.
"भिजेल ती."

उपटायला आणलेली हत्यारं होती,
त्यांनीच आम्ही सुटलेले सतरा खिळे परत ठोकले.
गोणपाट शिवताना तिचं लक्ष चाकाकडे गेलं:
तिथे चरबीत माझा पंजा उमटला होता.
पुसावा, तर त्याच्याखालचं त्याचंही पुसलं जाणार.
"पाचही आहेत तुझी," ती म्हणाली,
जशी काही ती माझी चूक.

कोंबड्या याही हिवाळ्यात
तिच्या स्वयंपाकघरातच आहेत.