चौथ्या मजल्यावरचा कान

ग्वांगझोउ स्टेशनच्या पश्चिमेला, चौथा मजला.
दुकानाचा नंबर विचारू नका,
तो दर सहा महिन्यांनी बदलतो
आणि पाटी तर कधी नव्हतीच.

इथे मी बसते. मो स्युलिन, वय एकावन्न.
उजव्या डोळ्यात भिंग, समोर एक चिमुकलं यंत्र,
त्याच्या चिमट्यात घड्याळ धरायचं
आणि गप्प राहायचं.
पोरं म्हणतात, मावशी घड्याळाची नाडी बघते.
बघते कुठली, ऐकते.
पडद्यावर ठिपक्यांच्या दोन रेघा सरकतात;
शेजारीशेजारी गेल्या तर संसार नीट,
फाकल्या तर ठोका लंगडा.

आरपार घड्याळं सगळ्यात जास्त खपतात.
तबकडी काढून टाकलेली, पोट उघडं,
दात, चाकं, कमान, सगळं चव्हाट्यावर.
गिऱ्हाइकाला वाटतं, एवढं दिसतंय म्हणजे खरंच असणार.
मला उलटं शिकवलंय:
मुद्दाम दाखवलंय तिथेच आधी बघ.
हा पूल काहीच पेलत नाही.
हे तीन लाल खडे, एकातही आस फिरत नाही,
मांडव भरायला आणलेल्या पाहुण्यांसारखे
नुसते बसलेत.
आणि हा कोपरा.
आत वळणारी टोकदार धार फक्त हाताला जमते,
यंत्र तिथे गोलाई सोडतं.
नक्कल गोलाईत सापडते.

चालीला मात्र नाव ठेवायला जागा नाही.
पोट वर: दिवसाला तीन सेकंद पुढे.
चावी खाली: एक मागे.
तासाला अठ्ठावीस हजार आठशे ठोके,
एकही गाळलेला नाही.

मार्चमध्ये फोशानहून एक ड्रायव्हर आला, फुंग नावाचा.
रुमालातून घड्याळ काढलं.
लाद्यांच्या कारखान्याचे मालक वारले,
जाताना त्याच्या हातात हे ठेवून गेले.
बावीस वर्षं आरशात दिसायचं त्याला,
मागच्या सीटवरचं मनगट,
आणि ‘फुंग, उशीर होतोय.’

रोज चार मिनिटं मागे पडतं, म्हणाला.

मी भिंग लावलं.
गोलाई.
आमच्याच गल्लीतली खेप, जुनी;
तेव्हा खड्यांचा रंग जरा जांभळट यायचा.
पण चावीच्या दातांत घामाचा काळा थर,
मागचं झाकण टेबलावर घासून घासून गुळगुळीत.
बदललेलं नव्हतं.
मालक हेच घालत आले होते,
बँकेत, बैठकीत, मुलीच्या लग्नात.

जिभेवर आलेलं मी तिथेच ठेवलं.
म्हटलं, तेल सुकलंय. परवा या.

सगळं सुटं केलं, पेट्रोलमध्ये बुडवलं,
सुईच्या टोकाने नवं तेल दिलं.
त्या रात्री कपाटात एक अस्सल घड्याळ होतं,
कारखान्याला नमुना म्हणून कुणीतरी भाड्याने दिलेलं,
त्याच्या किमतीत आमचा मजला येईल.
दोन्ही शेजारी ठेवली, एकाच वेळी लावून.
सकाळी अस्सल नऊ सेकंद मागे,
ड्रायव्हरचं दोन पुढे.
वहीत आकडे लिहिले.
नावाचा रकाना मी भरत नाही.

फुंग आला, कानाला लावून ऐकलं,
मग सहज बोलावं तसं बोलला:
‘पगार थकायचा ना, तेव्हा साहेब गाडीत
याची काच पुसत बसायचे.
ज्याच्याकडे खरं असतं
तो इतकी पुसत नाही.’

माझ्या हातातला चिमटा खाली राहिला.

त्याने पैसे मोजून ठेवले, पावती मागितली नाही.
जिन्यात थांबून मनगट वर केलं,
खिडकीतून स्टेशनचं घड्याळ दिसतं तिथून.
ते तेव्हा एक मिनिट मागे होतं.
फुंगने आपलं बदललं नाही.