अंधार नावाचं बटण

या इमारतीची वायरिंग मी चारदा केली.
पहिल्यांदा तर केली असंही नाही,
वडिलांच्या हातात पक्कड देत उभा होतो.
वय अकरा. खेळ फुकट बघायला मिळेल,
एवढीच मजुरी.

तेव्हा ही चंद्रप्रभा टॉकीज.
गणपती पेठेतून आत वळलं की
तेलाचं दुकान आणि भांडीवाला यांच्या मधे
तिकिटाची खिडकी, हात जाईल एवढीच.
आत गेलेला पंजा
बाहेर येताना मूठ होऊन यायचा.

ऑपरेटर पायगोंडा मगदूम.
त्यांनी बोर्डावर प्रत्येक बटणाखाली
काडेपेटीच्या काडीनं, लाल रंगात नावं घातलेली:
पडदा. घंटा. बायका. सोडा-लेमन.
आणि कोपऱ्यात एकट्याच एका बटणाखाली, जाड अक्षरात,
अंधार.
"उजेडाला धा बटणं लागत्यात, दस्तगीर.
अंधाराला एकच.
ते मी कुणाला दाबू देत न्हाई."
दाबायचे, आणि लगेच सिनेमा सोडायचे नाहीत.
मनात सात आकडे मोजायचे.
तेवढ्यात खालून शिट्ट्या उठायच्या.

मग खुर्च्या उपटल्या आणि हळद भरली.
जमिनीचा उतार तोच राहिला,
त्यामुळे वर रचलेली पोती रात्रीतून सरकत
पडद्याच्या भिंतीला जाऊन टेकायची.
हमालांची भाषाही टॉकीजचीच:
"राजापुरी बाल्कनीत टाक रे, कणी थर्डात!"
मी साठचे बल्ब लावले तरी उजेड चाळिसाचाच पडायचा.
बल्ब पुसून घरी गेलो की बायको म्हणायची,
आज कुणाच्या लग्नात बसून आलात?

ऑपरेटरच्या केबिनला कुलूप.
किल्ली मगदूमांच्या सदऱ्यात,
मगदूम कुपवाडला मुलाकडे,
आणि मग कुठंच नाहीत.

नदी गावात आली त्या वर्षी
आम्हाला आयर्विनचे फूट तोंडपाठ झाले होते.
पाणी आधी थर्डात बसलं.
मग एकेक रांग करत, घाई न करता, वर आलं.
पिवळं. सगळी पेठ पिवळ्या पाण्यात.
बाल्कनीत नऊ बिऱ्हाडं, तीन रात्री,
ट्रकच्या बॅटरीवर मी एक दिवा ओढून दिला.
शेवंता ऐवळे पोत्यावर मांडी घालून बसली होती.
म्हणाली, "पंधरा वर्षं हितं झाडू मारला, दादा.
बाल्कनीत बसले ती आज."
आणि खाली काळोखात, जिथं पाणी हलत होतं तिथं,
बघत राहिली, खेळ चालू असल्यासारखी.

मधे चार वर्षं मंगल कार्यालय.
त्याचं काही सांगत नाही.
रोषणाईचे पैसे अजून यायचेत.

आता गेल्या महिन्यापासून अकॅडमी.
डॉक्टर व्हायला निघालेली साठ पोरं,
जत, कवठे, तासगावची,
डबे मांडीखाली, डोकी वहीत.
पडद्याच्या भिंतीला पांढरा रंग दिलाय.
सर म्हणाले, प्रोजेक्टर लावायचाय,
सगळे दिवे एकदम जातील
असं एक बटण कुठंतरी काढून द्या.

मी केबिनचं कुलूप तोडलं.
बोर्डावर कोळिष्टकं, हळदीची भुकटी, पुराची रेघ त्याच्या कितीतरी खाली.
पडदा, घंटा, बायका मुकी झालेली.
त्या एकाला नवी वायर जोडली,
आणि वर्ग चालू असतानाच, सांगितलं नाही कुणाला,
दाबलं.

शिट्टी आली.
आधी एक, मग चार, मग सगळ्या खोलीभर.
यातल्या एकानंही असली टॉकीज बघितलेली नाही.
कुणी शिकवली असेल ही?
सर ओरडत होते. भिंतीवर भलंमोठं हृदय उमटायचं होतं अजून.
मी सहापर्यंत आलो होतो.

मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली,
काका,
राहू दे की थोडा वेळ.