बुडबुडा

मुरानोला उतरलो तेव्हा
पाणी धक्क्याच्या दोन पायऱ्या चढून बसलेलं.
चर्चची फरशी लाटांसारखी वरखाली,
खालचा चिखल शतकानुशतकं कूस बदलतोय
आणि वर खड्यांचे दोन मोर
एकाच दांडीला चोच लावून,
सोडायला कोणीच तयार नाही.

ओर्सोला मऊ कुंचा फिरवते.
सुटलेला तुकडा मिळाला की कॉफीच्या डब्यात.
"सोनं खरं?"
"खरंच. पण इतकं पातळ, शिंकलात तर उडेल.
म्हणून वरून काच."
आणि स्वतःच शिंकली, तोंड फिरवून.

मग डावीकडची खिडकी दाखवली.
निळ्या काचेत हरभऱ्याएवढा बुडबुडा.
कारखान्यातली माणसं दोनदा येऊन गेली,
दोष आहे म्हणाली, फुकट बदलून देतो.
ही शिडीच काढून देत नाही.
"आल्विझेनं फुंकलेली.
त्याच हिवाळ्यात छाती गेली त्याची.
एवढा एक श्वास
बाहेर यायचा राहिला."

ऊन कललं.
निळा कवडसा, मधे तो ठिपका,
मोराच्या मानेवरून सरकत
माझ्या बुटावर आला.

साडेपाचची बोट भोंगा देत होती.
मी पाय हलवला नाही.