वस्तादांचे कान

चौथऱ्याची उंची एकशे ब्याऐंशी सेंटिमीटर.
वहीत लिहिते. कट्ट्यावर म्हशी अजून आलेल्या नाहीत.
तालमीत दिवा आहे, आणि जोर मोजणारा एक आवाज
जो त्र्याहत्तरनंतर पुन्हा बाहत्तर म्हणतो.

दोन वर्षं मी ग्रीक शहरांतले दगड वाचले, तेही फोटोत.
पुतळे तिथे फारसे उरले नाहीत. ब्राँझ वितळतं,
आणि भांडी कुणाला ना कुणाला लागतातच.
उरले चौथरे. वर दोन खळगे पावलांच्या मापाचे,
डावा किंचित पुढे.
त्यांत पाणी साचत असेल, चिमण्या पीत असतील,
पण हे प्रबंधात लिहिता येत नाही.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे एक परदेशी,
ब्रह्मपुरीच्या मातीतून निघालेला, विताएवढा.
पण तो देव. मला माणूस हवा होता,
रस्त्यावर उभा केलेला,
ज्याचा बाप बघणाऱ्यांना ठाऊक होता.

म्हणून हे. वस्ताद तातोबा इंगवले.
लंगोट, गदा, अनवाणी.

तिकडे कोरायचे: नगरसभेने, जनतेने, अमक्याच्या मुलाला.
बस्स. क्रियापद नाही.
ज्याचा पुतळा तो द्वितीयेत,
'उभा केला' हे वाचणाऱ्याने मनात म्हणायचं.
इथे संगमरवरावर सतरा नावं.
अध्यक्ष, खजिनदार, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती,
शिवाय मंडपवाले.
वस्ताद कुठल्या विभक्तीत आहेत ते बघायला
मला गुडघ्यांवर बसावं लागलं.
षष्ठी. 'यांचा पुतळा'.

"काय मोजताय बाई?"
हिंदुराव मगदूम, ऐंशीच्या पुढचे, हातात कासंडी.
मी सांगते, चेहरा किती अंतरावरून ओळखू येतो, ते.
ते हसत नाहीत.
"अंतर कशाला? जवळनंबी वळकू येत न्हाई.
कान बघा की. ह्ये कान त्येंचे न्हवंत."

खरंच. दोन शंखासारखे गोंडस कान,
बँकेच्या मॅनेजरला शोभतील असे.
मूर्तिकारानं मातीत बरोबर केले होते,
मुडपलेले, आल्याच्या गड्ड्यासारखे.
कमिटी म्हणाली, जरा बरे करा,
चार बायाबापड्या बघणार.
ते मातीचं डोकं बघायला हिंदुराव कारखान्यात गेले होते
आणि त्या कानांवर हात ठेवून रडले होते.
हे त्यांनी नाही सांगितलं. सुनेनं सांगितलं, नंतर.

माझ्या मोबाईलमध्ये आहे एक ब्राँझचा मल्ल,
लढून दमून बसलेला.
नाक फुटलेलं, गालावर तांब्याचं रक्त, कान सुजलेले.
मी दाखवते. ते स्क्रीन डोळ्यांशी धरतात,
दोन बोटांनी मोठं करतात, नेमकं कानापाशी.
त्यांचा स्वतःचा डावा कान
उगवत्या उन्हात आरपार दिसत नाही, इतका घट्ट मिटलेला.

"कुठल्या तालमीचा?"

ठाऊक नाही, मी म्हणते. नावही ठाऊक नाही.
ह्याचा चौथराच सापडला नाही.

"असू दे," फोन परत देत ते म्हणतात.
"खेळलेला हाय."

मग म्हशी आल्या.
एकीनं खजिनदाराच्या नावापाशी अंग घासलं
आणि माझी टेप तिच्या शिंगात अडकून
गंगावेशीकडे निघाली.