चौथा मणका

पितृपक्षात मंगल कार्यालयं स्वस्तात मिळतात,
म्हणून सांगलीत मण्यांचं प्रदर्शन पितृपक्षात.
नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर
स्फटिकाचे ढीग, आणि मागच्या भिंतीवर
कुणाच्या तरी लग्नातलं थर्माकोलचं अर्धं नाव.

मी मिरजेहून आले, सिटी बसनं.
पर्समध्ये सहाशे रुपये, तारेचा वीतभर तुकडा
आणि फडक्यात बांधलेले तीन मणके.

तीनच. चौथा हरवला.
इंदुमतीबाई अथणीकरांचा तानपुरा दुरुस्तीला येताना
टेम्पोत कुठं गळाला,
अंकलीच्या पुलाआधी की नंतर, कोण सांगणार?
अब्बा म्हणाले, प्लॅस्टिकचा घाल, कुणाला कळतंय.
मग स्वतःच मान हलवली
आणि भोपळ्याला पॉलिश करत बसले.
त्या मान हलवण्यापायी मी इथं.

विश्रामबागच्या बायका मोती दातांवर घासत होत्या,
खरखरला तर खरा.
कुणी अकीक गालाला लावून त्याचा गारवा बघत होतं.
एक रिटायर्ड मास्तर गोमेद घेऊन
दारातल्या उजेडात गेले ते परत येईनात,
स्टॉलवाला चप्पल न घालताच त्यांच्या मागं.

मी रंग बघत नव्हते, भोकं बघत होते.
तार ओवायची, मणी वर-खाली सरकवायचा,
कान जवळ न्यायचा.

'ताई, कसली माळ करायचीय?'
'माळ नाही. एकच हवा.'
'एक?' खंभातचा पोरगा. भावेश नाव, मिसरूड नवं.
'एक कुणी विकत नाय. सर घ्या, चाळीस मणी.'
लाजवर्दाचा सर त्यानं माझ्या मनगटावर टाकला.
कसा सांगू, जीव गेला त्या निळ्यावर.
पण दगड तारेला खातो.
काच तडकते. लाकूड श्रावणात फुगून बसतं.
हाडाचा हवा, जुना,
बोटांचा घाम प्यायलेला,
हट्ट न करता केसभर सरकेल आणि तिथंच थांबेल असा.

'कशाला लागतो?'
'सुराला.'
तो हसला नाही. त्याला समजलंही नाही.
पलीकडच्या गिऱ्हाइकाचा दोरा कापायला त्यानं कात्री उचलली
आणि मला ती दिसली:
कात्री हरवू नये म्हणून सुतळीनं बांधलेली,
सुतळीच्या टोकाला गाठीजवळ
पिवळट, बोराएवढा, एका अंगानं झिजलेला.

'हा केवढ्याला?'
'ही कात्री? विकायची नाय.'
'कात्री नको मला.'

'दादाचा आहे,' तो म्हणाला. 'म्हणजे आजोबांचा.
ते म्हणायचे, कात्रीला वजन पाहिजे, नायतर पळते.'
मी काही न बोलता फडकं सोडलं.
तीन मणके टेबलावर ठेवले, फिरोज्याच्या ताटाशेजारी.
त्यानं सुतळी सोडून आपला चौथा ठेवला.
दोघंही वाकलो.
मागच्या बाई म्हणाल्या, अहो, सरकता का जरा.

पन्नास रुपये घेतले त्यानं.
आणि कात्रीला बांधला एक फिरोजा,
रंगवलेला, खरा नव्हे, हे तोच म्हणाला.

लाजवर्दाचा सर मी घेतला का?
घेतला. चारशे ऐंशीला. अब्बांना सांगितलेलं नाही.

रात्री घोडीखाली, खर्जाच्या तारेत तो ओवला.
पहिल्यांदा अडला.
मेणाचा हात दिला, मग सरकला
कुरकुरत, परक्या घरी पहिल्या दिवशी पाटावर बसावं तसा.
अब्बांनी डोळे मिटले. काही बोलले नाहीत.
चहा मात्र स्वतः टाकला.

रविवारी इंदुमतीबाई आल्या.
पंचम लावला, जोड लावली,
खर्जापाशी त्यांचं बोट थबकलं.
'हा जरा उशिरा ऐकतो गं.'

'होय,' मी म्हणाले,
'इतकी वर्षं कात्रीपाशी होता.'

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.
त्यांनी तो केसभर खाली ओढला,
आणि दुकानातल्या न वाजणाऱ्या सगळ्या सतारी
थोड्या थोड्या वाजल्या.