डाव्या डोळ्याचा पळस

डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर धूळ नको,
उन्हात काळा चष्मा, डोक्यावरून आंघोळ नको.
यशोधराताईंनी सगळं मान डोलावून ऐकलं
आणि अकराव्या दिवशी सकाळी साडेसहाला
माझ्या अ‍ॅक्टिव्हावर मागे येऊन बसल्या.
‘चाल, पळस पाहाले.’

त्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कानाला यंत्र लावून गावाला गाव जोडणारी बाई:
काटोल बोला, सावनेर बोला, उमरेड जरा थांबा.
आवाज त्या झोपेतही ओळखतात.
रंगांचं म्हणाल, तर घरचे पडदे
इतकी वर्षं मातकट समजत होत्या.
ते जांभळे आहेत.
पट्टी सुटली त्या दिवशी सुनेला ओरडल्या,
‘बदलले कधी? मले विचारायचं तरी!’

सिव्हिल लाइन्समध्ये टॅबेबुया.
पान एक नाही, नुसतं गुलाबी,
खाली झाडूवाला ढीग करतोय
आणि केलेल्या ढिगावर पुन्हा पडतंय.
‘याचं मराठी नाव काय वो?’
मला येत नव्हतं.
‘राहू दे. बाहेरून आला, पण नांदून राहिला चांगला.’

सेमिनरी हिल्सच्या चढावर
काटेसावरीखाली गाडी उभी केली,
वर साळुंक्यांची नुसती भांडणं.
एक फूल पडलं थप्प करून, सीटवर.
मांसल, लाल, आत मुंग्या.
ताईंनी ते तळहातावर उलटंसुलटं केलं.
‘हा थप्प मी दरसाली ऐकला.
कोण पडते, ते आज पाह्यलं.’

मग गोरेवाडा मागे टाकून काटोल रोड,
थंड वारा, ट्रकांची रांग,
कुठल्याशा बागेतून संत्र्याचा उरलासुरला बहर
नाकाला लागून गेला, थांबला नाही.
आणि वळणानंतर माळ.

त्यांनी चष्मा काढला. मी ‘अहो ताई’ म्हणेपर्यंत
एक डोळा हातानं झाकला,
मग दुसरा,
मग पुन्हा पहिला,
लहान पोरी खेळतात तसा.

‘उजव्यानं पाह्यलं का भडकून राहिला.
डाव्यानं पाह्यलं का कालचा चहा.’

नंतर बराच वेळ काही नाही.
धाब्यावरचं कुत्रं येऊन पायाशी बसलं.

‘दरसाली म्हणायची मी, यंदा पळसात दम नाही.
पावसाले बोलली, धुराले बोलली,
मेट्रोवाल्यायले तर लई बोलली.
अन् हा बिचारा
दरसाली एवढा फुलून राहिला होता
माह्या नाकासमोर.’

त्या झाडाजवळ गेल्या. काही म्हणाल्या त्याला,
मला ऐकू आलं नाही.
एक्स्चेंजमध्येही म्हणे त्या
दोघं बोलू लागले की आपला कान काढून घेत.
मीही तेच केलं.

धाब्यावर चहा घेतला. मी आठवण दिली,
डाव्या डोळ्याची तारीख एप्रिलची बारा.
‘मे मध्ये ढकल.’
का, म्हटलं, भीती वाटते?
‘भीती कायची? बहावा फुलू दे अगोदर.
हा डोळा सगळंच पिवळं करते न?
मंग पिवळ्याले केवढं पिवळं करन, सांग!
तेवढं एकदा पाहून घेते,
मंग खुशाल काढा म्हणा.’

परतताना ऊन चढलं होतं.
काटोल नाक्याला लाल दिवा लागला.
समोरच्या भिंतीवरून बोगनवेल सांडलेली.
मी डावा डोळा मिटून पाहिलं, मग उजवा.
दोन्हींकडून सारखीच दिसली,
म्हणून पुन्हा एकदा, नीट,

तर मागून पाठीवर थाप:
‘हिरवा झाला न माय! चाल!’