त्र्यंबकचं तिकीट

दहा वर्षं मी अंजनेरीचं तिकीट काढलं
आणि पुढचं अंतर चाललो.
अंजनेरी तोंडातून आपोआप निघते.
पुढच्या गावाच्या दारात मात्र
त-च्या मानगुटीवर र, र-च्या पोटाशी य,
डोक्यावर अनुस्वार.

सातपूरला कारखान्यात गेज घेऊन बसतो.
छिद्रात गेज शिरला तर माल पास, अडला तर नापास.
बोलावं लागत नाही.

संध्याकाळी कॉलेज रोडला कादंबरीचा वर्ग.
सरांचं आडनाव क्षेमकल्याणी,
म्हणून मी नुसतं सर म्हणतो.
सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं:
इथून नायक निघतो, इथे उंबरठा, इथे राखणदार,
खाली अंधार, आणि असा वर चढत घरी.
घरापाशी खडू मोडला.

माझा रणधवल तीनशे पानं घोड्यावर होता.
राजांशी बोलायचा, राक्षसांशी बोलायचा,
वाक्य एकदाही सांडलं नाही.
वही परत देताना सरांनी एवढंच विचारलं,
"हा अडतो कुठे?"

त्या रात्री त्याला घोड्यावरून उतरवलं.
किल्ल्याच्या दारात पहारेकरी म्हणाला, नाव?
र... र...
अर्धं पान गेलं. मशाल विझत आली.
पहारेकऱ्याने जांभई दिली.
मी खोडलं नाही.

मंगळवारी जुन्या सीबीएसवरून बस सुटली.
कंडक्टर खैरनार बाई, कानामागे पेन,
मशीनवर अंगठा. "कुठं?"
त्... त्...
मागून कुणी मदतीला धावलं, "तळेगाव का?"
दुसरा, "तळवाडे?"
मी मान हलवली.
बाईंनी काही सुचवलं नाही, खिडकीबाहेरही बघितलं नाही.
नुसत्या उभ्या, खांबाला टेकून,
जणू माझ्या शब्दाचा थांबा अजून यायचाय.

आमच्या कारखान्याकडचा फाटा गेला. पपया नर्सरी गेली.
मग तो आला, तीन तुकड्यांत, थुंकीसकट,
अनुस्वार जरा तिरका.
बाईंनी तिकीट फाडलं.
"सुटे नाहीत का?" म्हणाल्या.

ताईनं दार उघडून आधी माझ्या पायांकडे बघितलं.
"आज चपलेला धूळ नाही?"
तिला दहा वर्षं वाटतंय, मला चालायची आवड.
मी म्हटलं, हो. म्हणजे नाही. चहा टाक.

परतीच्या बसला दुसराच कंडक्टर, घाईतला.
नाशिक.
हा तर कधीच अडला नव्हता.
न... न...
तो पुढच्या सीटकडे वळला.
मी हात वर केला.
"थांबा," म्हटलं.
हे मात्र एका दमात.